सुरुंगाच्या जमिनीचा सातबारा

कंबोडियाच्या वायव्येला, थायलंडच्या सीमेकडे, बट्टामबांग नावाचा प्रांत आहे. भात, मका आणि कसावा पिकवणारा मुलूख. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला पडणारा प्रश्न एका ओळीचा असतो: ओढ्यापलीकडचा तो तुकडा नांगरू की नको? "नांगर" हे उत्तर चुकलं तर पाय जातो, कधी जीव जातो. "नको" हे उत्तर चुकलं तर चांगली जमीन वर्षानुवर्षं पडीक राहते आणि घरातला पोरगा मजुरीसाठी सीमा ओलांडून जातो.

उत्तर शोधायला डिटेक्टरवाले असतात, कुत्री असतात, वासावरून स्फोटकं ओळखणारे मोठे आफ्रिकन उंदीरही असतात. फोटो त्यांचेच छापून येतात. मगावा नावाच्या अशाच एका उंदराला २०२० साली ब्रिटनमधल्या पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. पण मगावाने हुंगलेली जमीन नेमकी कुठली होती, तिच्या कडा कुठवर होत्या, त्याआधी तिथे काय घडलं होतं, हे कुणी लिहून ठेवलं नसतं तर त्या शेतकऱ्याला त्याचा काहीच उपयोग झाला नसता. सुरुंग निघाला तरी भीती तशीच राहिली असती.

हे लिहून ठेवण्याचं काम नकाशाचं सॉफ्टवेअर आणि डेटाबेस करतात. हे प्रकरण संगणकातल्या माणसांपुरतं वाटतं, पण ज्याने सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा हाताळला आहे त्याला ते पटकन कळेल.

लाल ठिपक्यांचा नकाशा नसतोच

"सुरुंगांचा नकाशा" म्हटलं की डोळ्यांसमोर लाल ठिपके येतात: इथे एक, तिथे दुसरा. तसा नकाशा हातात असता तर काम किती सोपं झालं असतं! शिस्तीचं सैन्य सुरुंग पेरताना नोंद ठेवतं. रांगा किती, दोन सुरुंगांत अंतर किती, कुठल्या खुणेपासून मोजलं, सगळं. भारताने भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारावर सही केलेली नाही, पण पारंपरिक शस्त्रांवरच्या कराराचा सुधारित दुसरा प्रोटोकॉल भारताला लागू आहे आणि त्यात सुरुंगक्षेत्रांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले. पुढे ते काढताना नोंदी हाताशी असूनही जवान आणि शेतकरी जखमी झाले. वाळू सरकते, पावसाचं पाणी माती वाहून नेतं, आणि नोंदीतला सुरुंग नोंदीतल्या जागी राहत नाही.

कंबोडियात तर बहुतेक ठिकाणी नोंदच नव्हती. १९७९ मध्ये ख्मेर रूज ही कट्टर कम्युनिस्ट राजवट कोसळली, तिचे लढवय्ये थायलंडच्या सीमेकडे सरकले. त्यांना रोखण्यासाठी १९८०च्या दशकाच्या मध्यावर सीमेलगत शेकडो किलोमीटर लांबीचा सुरुंगांचा पट्टा घातला गेला. त्याला 'के-५' म्हणतात. त्यानंतर लढाई १९९८ पर्यंत धुमसत राहिली. एकच टेकडी कधी सरकारी सैन्याकडे, कधी बंडखोरांकडे. जो येई तो आपल्या बचावासाठी नवे सुरुंग पुरी. जुने काढायला कुणाला सवड नव्हती आणि कुठे पुरले ते ज्याला ठाऊक होतं तो पुढच्या लढाईत मेलेला. १९७९ पासून आजवर त्या देशात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने साठ हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. १९९६ या एकाच वर्षात चार हजारांहून अधिक.

म्हणून सुरुंगकामाच्या नकाशावर ठिपक्यांऐवजी आकार असतात, वेडेवाकडे पॉलिगॉन. पॉलिगॉनच्या आत सुरुंग आहेत असं तो नकाशा म्हणत नाही. "या रेषेच्या आत सुरुंग असण्याची शंका आहे, आणि शंकेची कारणं अमुक आहेत" एवढंच म्हणतो. हा फरक लक्षात आला की निम्मा विषय समजला. तो नकाशा आपल्या माहितीचा असतो. माहिती बदलली की पॉलिगॉन बदलतो. जमिनीतला सुरुंग तसूभर हललेला नसतो.

मराठी वाचकाला सुरुंग म्हटलं की परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे आठवतील. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर जखमी अवस्थेत, गोळीबार चालू असताना त्यांनी सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. ते काम वाट काढण्याचं होतं. रणगाडा जाईल एवढी पट्टी मोकळी झाली की सैन्य पुढे सरकतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना काय आहे हा प्रश्न त्या क्षणी उरत नाही. शेतकऱ्याला मात्र सबंध शेत हवं असतं, बांधासकट. तिथे "बहुतेक मोकळं" असं उत्तर चालत नाही. म्हणून युद्धातलं सुरुंग काढणं आणि शांततेतलं सुरुंग काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात लेखणीला डिटेक्टरइतकंच वजन आहे.

शंका कमी करायचे तीन मार्ग

डिटेक्टर घेऊन काम करणारा माणूस सुमारे एक मीटर रुंदीच्या पट्टीत, गुडघ्यावर बसून पुढे सरकतो. डिटेक्टर वाजला की थांबायचं, कडेने माती खरवडायची, बघायचं. बहुतेक वेळा खिळा निघतो, डब्याचं झाकण निघतं, जुन्या गोळीचं टरफल निघतं. जमीन, झाडोरा आणि लोखंडाचा कचरा यांनुसार एका माणसाचं दिवसाचं काम २० ते ५० चौरस मीटर होतं. समजा २५ धरले. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण अडीच एकर. एका माणसाचे ४०० दिवस. आणि इतकं करून त्या अडीच एकरांत कदाचित एकही सुरुंग निघणार नाही.

हे फक्त कागदावरचं भय नाही. सुरुंग काढलेल्या जगभरच्या देशांचा अनुभव सांगतो की संशयाच्या नावाखाली तपासलेल्या जमिनीचा मोठा भाग मुळात रिकामा होता. सुरुवातीच्या सर्वेक्षणांत लोकांना विचारलं, "सुरुंग कुठे?" कुणी हात लांब करून म्हणालं, "त्या टेकडीपासून नदीपर्यंत." झाला पॉलिगॉन. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण शंका एकदा नकाशावर चढली की ती उतरवायला पुरावा लागतो, आणि चढवायला तसा फारसा लागला नव्हता.

म्हणून आता जमीन मोकळी करण्याचे तीन मार्ग मानले जातात आणि डेटाबेसमध्ये तिन्हींचे आकडे वेगळे ठेवले जातात. पहिला, जमिनीत पाऊल न घालता केलेली चौकशी. गावकरी, माजी सैनिक, अपघातात वाचलेली माणसं, गुराखी यांच्याशी बोलायचं, जुने कागद बघायचे, शेत कसायला कधीपासून घेतलं ते विचारायचं. यातून दिसलं की अमुक तुकड्यावर शंकेला आधारच नाही, तर तो रद्द. दुसरा, जमिनीत शिरून केलेली मर्यादित तपासणी. संशयित भागात काही पट्ट्या यंत्राने, कुत्र्याने किंवा डिटेक्टरने तपासायच्या आणि सुरुंगांची रांग खरोखर कुठून कुठे जाते ते पकडायचं. जिथे पुरावा मिळाला नाही तो भाग वगळायचा. तिसरा मार्ग पूर्ण सफाईचा: ठरलेल्या खोलीपर्यंत प्रत्येक चौरस मीटर. स्थानिक माहिती नसेल तर आंतरराष्ट्रीय मानकांत ही खोली १३ सेंटिमीटर धरली आहे.

शंकेचेही दोन दर्जे आहेत. नुसती ऐकीव, अप्रत्यक्ष खूण असेल तर 'संशयित धोक्याचं क्षेत्र'. सुरुंग प्रत्यक्ष दिसला, स्फोट झाला, असा थेट पुरावा असेल तर 'खात्रीचं धोक्याचं क्षेत्र'. डेटाबेसमधल्या एका रकान्याचा हा प्रश्न, पण त्यावर पैसा, माणसं आणि वर्षं ठरतात. कंबोडियाने २००९ पासून केलेल्या पायाभूत सर्वेक्षणात तर सुरुंग दाट पेरले आहेत, तुरळक आहेत की रणगाडाविरोधी आहेत, यानुसारही जमिनीचे वर्ग पाडले. दाट रांगेत पहिले दोन-तीन सुरुंग सापडले की त्यांच्यातल्या अंतरावरून पुढचा कुठे असेल हे नकाशावर आखता येतं. तुरळक पेरलेल्या जमिनीत ती सोय नाही, म्हणून तिथे मनुष्यबळ जास्त जातं. प्रत्येक सापडलेल्या सुरुंगाचं ठिकाण, प्रकार आणि खोली नोंदवण्याचा आग्रह यासाठीच असतो. "इथे पाच सापडले" असं एका ओळीत लिहिलं तर पुढची रांग कुणालाच दिसणार नाही.

चतुःसीमा

आता जरा जमिनीवर उतरू, कारण खरी गंमत आणि खरा धोका मोजणीत आहे.

जुन्या खरेदीखतात चतुःसीमा असतात: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत. सुरुंगक्षेत्राची मोजणीही अशाच एका टिकाऊ खुणेपासून सुरू होते. पगोड्याचा कोपरा, पुलाचा कठडा, मैलाचा दगड. वीस वर्षांनी येणाऱ्या परक्या माणसालाही सापडेल असं काहीतरी. झाड चालत नाही, कारण झाड तोडलं जातं. या खुणेपासून दिशा आणि अंतर मोजून आरंभबिंदू ठरतो, तिथून एकेक वळणबिंदू घेत कडेने जायचं आणि परत आरंभाला यायचं. प्रत्येक वळणाची दिशा अंशांत, अंतर मीटरमध्ये. दिशा एक अंशाने चुकली तर ३०० मीटरवर पाच मीटरचा फरक पडतो. पाच मीटर म्हणजे घराचं अंगण.

जीपीएस आल्यावर हे सगळं संपलं असं वाटतं. तसं झालं नाही. हातातल्या साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर सहज असते, झाडीत आणखी. म्हणून कडेच्या बिंदूंसाठी अधिक अचूक यंत्रं वापरतात आणि दिशा-अंतराच्या नोंदीही जपतात. आणि मग माणसाच्या हातून होणाऱ्या चुका आहेतच. वळणबिंदू एक, दोन, तीन, चार या क्रमाऐवजी एक, तीन, दोन, चार असे भरले गेले की चौकोनाचा डमरू होतो. मधे रेषा एकमेकींना छेदतात, सॉफ्टवेअर क्षेत्रफळ चुकीचं काढतं, आणि खऱ्या चौकोनाचा एक भाग नकाशावर सुरक्षित दिसू लागतो. चांगली प्रणाली असा डमरू आत घेतच नाही. लगेच परत पाठवते.

दुसरी चूक अंश आणि दशांशाची. १३ अंश ५ मिनिटं ३० सेकंद हे अक्षांश घ्या. बट्टामबांग शहराच्या आसपासचं आहे. दशांशात ते १३.०९१७ होतं. घाईत कुणी मिनिट-सेकंदच दशांश समजून १३.०५३० लिहिलं, तर बिंदू चार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकतो. दुसऱ्याच गावात. अर्ज नीट भरलेला, सही-शिक्का जागेवर, आणि सुरुंगक्षेत्र भलत्या शेतात.

तिसऱ्या चुकीत तर आपल्या देशाचा थेट संबंध आहे. पृथ्वी काही नेमका गोल नाही. अक्षांश-रेखांश काढायला तिचा एक काल्पनिक, गुळगुळीत आकार धरावा लागतो आणि तो जमिनीवर कुठेतरी टेकवावा लागतो. या मांडणीला डेटम म्हणतात. इंग्रजी अमलात भारताची महात्रिकोणमितीय मोजणी झाली तेव्हा मोजणी अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेला आकार धरला आणि आरंभस्थान म्हणून मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. ही साखळी पुढे ब्रह्मदेशमार्गे आग्नेय आशियात गेली. त्यामुळे कंबोडिया आणि व्हिएतनामचे जुने लष्करी नकाशे 'इंडियन १९६०' या डेटमवर काढलेले आहेत. आजचं जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या दुसऱ्याच मांडणीवर चालतं. एकाच जागेचे आकडे दोन्ही मांडण्यांत वेगवेगळे येतात, आणि न बदलता एकाचे दुसऱ्यावर टाकले तर ठिकाण शेकडो मीटरने सरकतं. कल्याणपूरच्या माळावर दोन शतकांपूर्वी घेतलेला निर्णय बट्टामबांगच्या शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभा राहतो. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत "कुठल्या डेटमवर" हा रकाना भरलाच पाहिजे. रिकामा ठेवला तर तो आकडा निरुपयोगी, किंबहुना घातक.

वडगाव कुठलं?

नकाशा चित्र दाखवतो. त्यामागे तक्ते असतात. एका तक्त्यात धोक्याची क्षेत्रं, दुसऱ्यात सफाईची कामं, तिसऱ्यात सापडलेली स्फोटकं, चौथ्यात अपघात, पाचव्यात गावोगावी घेतलेले जागृतीचे वर्ग. प्रत्येक नोंदीला एक न बदलणारा क्रमांक, आणि क्रमांकांनी तक्ते एकमेकांना बांधलेले. क्षेत्र क्रमांक अमुकवर तमुक काम झालं, त्या कामात इतके सुरुंग मिळाले, आणि काम सुरू होण्यापूर्वी तिथे दोन अपघात झाले होते, हे एका क्लिकवर समोर यायला हवं. तक्ते सुटे असतील तर तोच प्रश्न सोडवायला तीन माणसं तीन दिवस फाइली उपसत बसतात.

क्रमांकच का, गावाचं नाव का नाही? महाराष्ट्रात वडगाव किती आहेत मोजून पाहा. कंबोडियात 'सामराँग' नावाची गावं अशीच जागोजागी आहेत. शिवाय ख्मेर लिपीतलं नाव रोमन लिपीत लिहिताना एक संस्था एका तऱ्हेने लिहिते, दुसरी दुसऱ्या. संगणकाला ती दोन गावं वाटतात. मग एकच सुरुंगक्षेत्र दोनदा चढतं, देशाचं संशयित क्षेत्र कागदावर फुगतं, आणि देणगीदारांपुढे चुकीचा आकडा जातो. उपाय कंटाळवाणा आहे: सरकारी गावयादीतला संकेतांक वापरायचा, नाव नुसतं वाचायला ठेवायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम, जो मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत जास्त आवडतो: काहीही पुसायचं नाही. सातबाऱ्यावर मालक बदलला की जुनं नाव खोडून टाकत नाहीत. फेरफार नोंद होते, आणि शंभर वर्षांपूर्वी जमीन कुणाकडे होती ते आजही काढता येतं. तसंच इथे. क्षेत्र साफ झालं की त्याचा दर्जा 'बंद' होतो, पॉलिगॉन राहतो. कुणी बंद केलं, कुठल्या तारखेला, कुठल्या अहवालाच्या आधारे, गुणवत्ता तपासणाऱ्याने किती भाग पुन्हा तपासला, हेही राहतं. उद्या त्याच जागी एखादा सुरुंग निघाला, तर कुणाला शिक्षा करायची यापेक्षा चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे शोधणं जास्त गरजेचं असतं. त्याच पथकाने, त्याच पद्धतीने, त्याच महिन्यात आणखी कुठली शेतं साफ केली? ती यादी लगेच निघाली पाहिजे. नोंद पुसली असेल तर ती यादी कधीच निघणार नाही.

कोसोव्होपासून आजपर्यंत

हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आणायचा मोठा प्रयत्न १९९९ साली झाला. ओटावा करार त्याच वर्षी १ मार्चला अमलात आला होता. सदस्य देशाने आपली सुरुंगग्रस्त जमीन दहा वर्षांत साफ करायची आणि दरवर्षी अहवाल द्यायचा, असं त्यात आहे. अहवाल द्यायचा तर मोजणी एकसारखी हवी. जिनिव्हात १९९८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मानवतावादी सुरुंगनिवारण केंद्राने झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठासोबत 'इम्स्मा' नावाची प्रणाली तयार केली आणि ती सर्वांत आधी कोसोव्होत बसवली. युद्ध नुकतंच थांबलं होतं, निर्वासित हजारोंनी घरी परतत होते, आणि युगोस्लाव्ह सैन्याने दिलेल्या सुरुंगनोंदी, नाटोच्या क्लस्टर बॉम्बहल्ल्यांची ठिकाणं आणि गावकऱ्यांच्या तोंडची माहिती एकाच नकाशावर आणायची घाई होती. त्यानंतर चाळीसहून अधिक देशांत ती वापरली गेली. आजची आवृत्ती 'इम्स्मा कोअर' एस्री कंपनीच्या आर्कजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरवर उभी आहे. सर्वेक्षक टॅबलेटवर अर्ज भरतो, तिथेच फोटो आणि बिंदू घेतो, नेटवर्क मिळालं की माहिती केंद्रात जाते. तिथे ती थेट नकाशावर चढत नाही. एक माणूस ती तपासतो, गरज पडल्यास परत पाठवतो, मगच मान्यता देतो. सॉफ्टवेअर कितीही नवं असो, ही पायरी गाळता येत नाही.

कंबोडियात सफाई करणाऱ्या संस्था अनेक आहेत. १९९२ मध्ये स्थापन झालेलं कंबोडियन सुरुंगनिवारण केंद्र, हॅलो ट्रस्ट, मॅग, उंदरांसाठी ओळखली जाणारी अपोपो, आणि सैन्याची पथकं. पण राष्ट्रीय डेटाबेस त्यांच्यापैकी कुणाकडे नसून २००० साली स्थापन झालेल्या स्वतंत्र सरकारी प्राधिकरणाकडे आहे. हे मला योग्य वाटतं. ज्याने शेत साफ केलं त्यानेच "साफ झालं" असा शेवटचा शिक्का मारू नये.

आधी कुठलं शेत?

पैसा आणि माणसं मर्यादित. सगळीकडे एकदम जाता येत नाही. इथे नकाशाचे थर कामाला येतात. धोक्याच्या पॉलिगॉनवर शाळा टाका, पाण्याच्या जागा टाका, रस्ते टाका, वस्ती टाका, आणि अपघातांचे बिंदू टाका. शाळेच्या वाटेलगतचा लहानसा तुकडा दूरच्या डोंगरावरच्या मोठ्या पट्ट्याआधी का घ्यायचा हे कुणालाही समजावून सांगता येतं. कंबोडियात प्रांतांच्या पातळीवर यासाठी नियोजन कक्ष आहेत; त्यांची माणसं गावांत जाऊन गावकरी आणि स्थानिक पंचायतीशी बोलून यादी ठरवतात. यंत्राने काढलेली क्रमवारी आणि गावाची क्रमवारी जुळत नाही असंही होतं. गाव म्हणतं, आम्हाला आधी स्मशानाची वाट मोकळी करून द्या. ते ऐकायला लागतं, आणि ऐकावंच.

अपघातांची माहिती १९९४ पासून गोळा होत आली आहे. तिच्यामागे कंबोडियन रेडक्रॉसच्या कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. किती मेले एवढंच त्यात नसतं. माणूस त्या वेळी काय करत होता: नांगरत होता, रानात सरपण गोळा करत होता, की भंगार म्हणून जुना तोफगोळा फोडत होता? वय काय, वस्तू सुरुंग होती की न फुटलेला बॉम्ब? उत्तरं बदलत गेली तसं कामही बदललं. बैलाच्या नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली तेव्हा वर्षानुवर्षं कसलेल्या शेतातही रणगाडाविरोधी सुरुंग फुटू लागले, कारण माणसाच्या आणि बैलाच्या वजनाने जो दाबला जात नव्हता तो ट्रॅक्टरने दाबला. आणि या डेटाबेसची एक कठोर परीक्षा अशी: अपघात कुठल्याही पॉलिगॉनच्या बाहेर झाला का? झाला असेल तर नकाशाला जे माहीत नव्हतं ते एका माणसाच्या शरीरातून कळलं. असा प्रत्येक बिंदू लाल करून त्याच्या भोवतालची चौकशी नव्याने सुरू करायची असते. ही माहिती जपायचीही असते. जखमी माणसाचं नाव आणि घर सगळ्यांना दिसेल अशा नकाशावर टाकत नाहीत.

आज कंबोडियात वर्षाला होणारे बळी आणि जखमी मिळून शंभराच्या आत आले आहेत. हे श्रेय डिटेक्टरचं, गावकऱ्यांच्या शहाणपणाचं, आणि या कंटाळवाण्या रकान्यांचंही.

नकाशा शिळा होतो

मे २०१४ मध्ये बॉस्नियात महापूर आला, दरडी कोसळल्या, आणि सुरुंग पाण्यासोबत वाहून गेले. धोक्याच्या पाट्याही गेल्या. वर्षानुवर्षं जपलेल्या पॉलिगॉनच्या कडा एका आठवड्यात अविश्वासार्ह झाल्या. तेव्हा पुराच्या पाण्याची हद्द आणि दरडींच्या जागा जुन्या सुरुंगनकाशावर ठेवून कुठे पुन्हा जायचं ते ठरवावं लागलं. जुनी नोंद खोटी पडली तरी तिच्याशिवाय नवी काढता आली नसती.

जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर सुरुंगस्फोटांत थाई सैनिक जखमी झाले. थायलंड म्हणालं सुरुंग नवे पेरले आहेत, कंबोडियाने ते नाकारलं आणि जुन्या युद्धाचे अवशेष असल्याचं सांगितलं. पाठोपाठ प्रत्यक्ष लढाई झाली. अशा वेळी त्या तुकड्याची आधीची नोंद, तिथे कधी कुणी काय तपासलं, कुठल्या प्रकारचा सुरुंग पूर्वी सापडला होता, हा पुरावा बनतो. म्हणजे ती नोंद ज्यांनी शांततेच्या काळात, कुणी बघत नसताना, नीट भरली त्यांच्यावर किती भार असतो बघा.

आणि सगळे पॉलिगॉन बंद झाल्यावर? ऑगस्ट २०२३ मध्ये कंबोडियाच्या ईशान्येकडच्या क्राटी शहरात एका शाळेची बाग वाढवायला जमीन खणली तर ग्रेनेड आणि दारूगोळ्याच्या इतर वस्तू निघाल्या. तीन दिवसांत दोन हजारांहून अधिक. यादवी युद्धात तिथे दारूगोळ्याचा साठा होता. शाळा काही दिवस बंद ठेवून सुरुंगनिवारण केंद्राच्या पथकाने पूर्ण आवार तपासायला घेतलं. अशा पथकाकडून केंद्रात येणाऱ्या अर्जाचे रकाने सगळीकडे तेच असतात: खूण कुठली, डेटम कुठला, वस्तू कुठली, किती खोल, कुणी पाहिली, कुठवर तपासलं, आणि कुठे थांबलो.